बोटांची सालं निघाली होती

परवा आमच्या शाळेतली एक तरुण बाई घरी आली. तिच्या दोन महिन्यांच्या बाळाच्या हृदयाला सूज आहे. तिने चहा घेतला नाही, बिस्किटाला हात लावला नाही. नुसतं विचारलं, "बाई, तुम्ही ते दिवस काढलेत कसे?" मी बोलायला लागले की थांबत नाही, तशी बोलले. धीर धर, डॉक्टरांवर विश्वास ठेव, स्वतः जेवत जा, वगैरे. ती गेल्यावर लक्षात आलं, मुख्य गोष्ट सांगायची राहूनच गेली. राहून गेली कसली, मीच टाळली. ती सांगायची मला अजून लाज वाटते.

मी प्राथमिक शाळेतली मास्तरीण. खोटं बोलणाऱ्या पोरांना बाकावर उभं करायची. आणि माझी स्वतःची लेक जगते की जाते अशी वेळ आली, तेव्हा मी डॉक्टरांशी धडधडीत खोटं बोलले.

माहेरची खोली

ऐंशीच्या पुढची वर्षं होती ती. आमचे हे भिवपुरीच्या वीजघरात ऑपरेटर. तिथल्याच क्वार्टरमध्ये आम्ही राहायचो, सासूबाई आमच्याजवळ. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, खालापूरच्या बाजूला आमच्या गावी. भाताची झोडणी संपली होती आणि अंगणात पेंढ्याची उडवी रचून झाली होती, त्या आठवड्यात वंदना जन्मली. चांगली गुटगुटीत होती. आवाज तर असा, की पलीकडच्या आळीतल्या बायका विचारायच्या, "मास्तरणीची शाळा भरली वाटतं!"

बाळंतिणीची खोली म्हणजे भट्टीच. दार लावलेलं, बाजेखाली कोळशाची शेगडी, ओव्याची आणि बाळंतशेपांची धुरी. सकाळी हौसाबाई सुईण यायची. पाय लांब करून बसायची, वंदनाला पायांवर पालथी घालून तेल चोळायची आणि कढत पाण्याने न्हाऊ घालायची. मग माझी आई शेगडीवर स्वतःचे हात गरम करायची आणि बाळाचं पोट, टाळू, तळहात शेकायची. मी त्या वेळी हमखास झोपलेली असायची. बाळंतिणीला झोपायची मुभा असते आणि मी ती पुरेपूर वापरली.

महिना भरला आणि वंदनाला ताप आला. कर्जतच्या डॉक्टरांनी पातळ औषधाची बाटली दिली. ताप उतरायचा, दुपारी परत चढायचा. डोळे लालसर दिसायचे, ओठ विडा खाल्ल्यासारखे लाल. आई म्हणाली, "थंडीनं उललेत." एक दिवस अंगावर पुरळ आलं आणि दुसऱ्या दिवशी गेलंही. डॉक्टर म्हणाले, साथीचा ताप आहे, जाईल. बारा दिवसांनी खरोखरच गेला. आईने दृष्ट काढली आणि आम्ही सुटकेचा श्वास सोडला.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी न्हाऊ घालताना हौसाबाईने हाक मारली, "बाय, हिकडं ये जरा. ह्ये बघ काय झालंय."

वंदनाच्या बोटांच्या टोकांची कातडी सुटत होती. नखाच्या कडेपासून पांढरी, पातळ सालं निघत होती. दहाही बोटांची.

आईचा चेहरा एकदम उतरला. "शेक जास्ती झाला गं," ती पुटपुटली. "माज्या हातनं पोर भाजली."

"शेकानं नाय व्हत असं," हौसाबाई म्हणाली. "पायाची बोटं बघ. त्यांची बी सालं निघालीत. पायाला कुनी शेक दिलाय?"

आई ऐकण्याच्या मनःस्थितीतच नव्हती. उलट हौसाबाई गावभर सांगेल ही भीती तिच्या मनात बसली. तिने हौसाबाईची ओटी भरली, लुगडं दिलं आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. ठरलेले दोन महिने पुरे व्हायला अजून अवकाश होता. हौसाबाईने लुगडं बाजेवर ठेवलं आणि निघून गेली.

मग आईने दार लावलं आणि माझा हात धरला. "सासरी सांगू नको गं. म्हनतील, आईनं पैलंच नातवंड भाजलं. जल्मभर तुला ऐकवतील. तुला माजी शपथ हाय."

मी शपथ घेतली. आईसाठी घेतली असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे, पोर भाजत होती तेव्हा ही आई घोरत होती, असं कुणी म्हणू नये म्हणूनही घेतली.

श्वास मोजणारा बाप

भिवपुरीला परत आलो तेव्हा कातडी भरून आली होती, बोटं गुलाबी झाली होती. पण वंदना दूध ओढता ओढता दमायची. दोन घोट घ्यायची, थांबायची, कपाळावर घामाचे थेंब. रडली की ओठ निळसर व्हायचे. सासूबाई म्हणाल्या, "माहेरहून आल्यापासून पोरीचा आवाजच बसलाय." मला तो टोमणा वाटला. टोमणा नव्हता, त्यांचं लक्ष होतं.

वीजघरात दर तासाला मीटरचे आकडे वहीत लिहायचे असतात. यांना तीच सवय. एका रविवारी ते बाळाजवळ घड्याळ घेऊन बसले आणि जुन्या वहीत लिहायला लागले. आठ वाजता श्वास चौसष्ट, नऊ वाजता अडुसष्ट, दहा वाजता सत्तर.

"अहो, ती काय टर्बाइन आहे का?" मी वैतागून म्हटलं.

"टर्बाइनचे आकडे असे चढायला लागले असते ना, तर मी एव्हाना बंद केलं असतं," ते म्हणाले आणि वही घेऊन उठले.

कर्जतच्या डॉक्टरांनी आधी वही वाचली, मग नळी लावली. खूप वेळ लावली. त्यांच्या दवाखान्याबाहेर एक माणूस उसाच्या गुऱ्हाळाचा घुंगरू वाजवत होता. डॉक्टर उठून बाहेर गेले, त्याला थांबायला सांगितलं आणि परत येऊन पुन्हा ऐकलं. "हृदय मोठं झालंय," ते म्हणाले. "आजच मुंबईला न्या. उद्यावर टाकू नका."

एक प्रश्न

मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात वंदनाला नाकातून नळी घातली, प्राणवायू लावला, हृदयाला आधार देणारं औषध सुरू केलं. वॉर्डातली आया मोठ्या मायेची होती. तिने मला पहिल्याच दिवशी दाखवलं, बाळाला आडवं निजवायचं नाही, उशीवर तिरकं धरायचं, म्हणजे दम कमी लागतो. एवढ्याशा गोष्टीने वंदना तासभर शांत झोपली. त्या बाईच्या पाया पडायचंच काय ते बाकी होतं. सकाळी सहाला शाळेची घंटा पडावी तशी पांघरुणं बदलायची, सातला सुया, नऊला मोठ्या डॉक्टरबाईंची फेरी. त्या फेरीसाठी आम्ही सगळ्या बायका केस विंचरून, पदर सावरून उभ्या राहायचो, जणू तपासनीस येणार आहेत.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या होत्या, आवाज हळू. इस्पितळात नवीनच एक यंत्र आलं होतं, छातीवर फिरवलं की पडद्यावर आतलं हृदय हलताना दिसायचं. त्या यंत्रावर वंदनाला तपासल्यावर त्यांनी आम्हा तिघांना, म्हणजे मला, यांना आणि सासूबाईंना समोर बसवलं.

"हृदयाला सूज आहे," त्या म्हणाल्या. "शिवाय हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या ज्या बारीक रक्तवाहिन्या असतात, त्या नीट दिसत नाहीत. एक तर त्या जन्मापासून चुकीच्या जागी जोडलेल्या असतील. तसं असेल तर ऑपरेशन लागेल आणि एवढ्या लहान बाळाचं ते फार अवघड आहे. किंवा एखाद्या तापाने त्या फुगल्या असतील. तसा एक ताप असतो, जपानकडच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा ओळखला. मोठ्या मुलांत त्याच्या खुणा ठळक दिसतात. इतक्या तान्ह्या बाळात अर्ध्याच दिसतात, म्हणून चुकतो."

मग त्यांनी तापाबद्दल विचारलं. किती दिवस, डोळे लाल होते का, पुरळ होतं का. मी सगळं सांगितलं. मग त्या पुढे झुकल्या.

"ताप गेल्यावर हातापायांच्या बोटांची सालं निघाली होती का?"

सासूबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांचा पदर माझ्या हाताला लागत होता. मी म्हणाले, "नाही."

"नीट आठवा."

"नाही, डॉक्टर."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "मग जन्मजात दोषच धरून चालावं लागेल. परवा मांडीतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन बघू. धोका आहे, मी लपवत नाही." यांनी सही केली.

मी काय केलं ते मला कळत होतं का? अर्धं कळत होतं. माझ्या डोक्यात ती सालं म्हणजे भाजल्याची सालं. डॉक्टरबाई विचारताहेत ती काही वेगळी असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. शिकलेल्या माणसाला स्वतःची समजूत फार छान घालता येते. अडाणी हौसाबाईला जे दिसलं ते मला दिसत होतं, तरी मी बघत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आया वंदनाला पुसत होती. तिने चादर बाजूला केली आणि बाळाचे उघडे पाय माझ्यासमोर आले. पायाची बोटं. हौसाबाईचं बोलणं मला शब्दन् शब्द ऐकू आलं. पायाला कुनी शेक दिलाय?

मी धावत सुटले. चप्पल घालायचंही भान नव्हतं. डॉक्टरबाई जिन्यात होत्या, मागे दोन शिकाऊ डॉक्टर. मी कठड्याला धरून, धापा टाकत म्हणाले, "मी खोटं बोलले. सालं निघाली होती. हाताची आणि पायाचीसुद्धा. आम्हाला वाटलं शेकाने भाजलं."

त्या रागावतील म्हणून मी डोळे मिटून घेतले होते. त्या म्हणाल्या, "ती कुणी पाहिली? त्यांना आणता येईल का?"

माझं नाव लिवा

हे स्वतः गावी जाऊन आईला घेऊन आले. आई आयुष्यात पहिल्यांदा मुंबईत आली ती अशी. नेसूचं चांगलं लुगडं, हातात काही नाही, चेहरा पांढराफटक. वॉर्डात शिरल्या शिरल्या तिने डॉक्टरबाईंना हात जोडले.

"बाय, पोर माज्या हातनं भाजली. जे काय लिवायचं ते माज्या नावावर लिवा. ह्या माज्या पोरीला काय म्हायती नाय, ती निजली व्हती. पोलिसात द्यायचं तर मला द्या."

डॉक्टरबाईंनी तिच्यापुढे खुर्ची सरकवली. ती बसेना, तेव्हा त्या स्वतः शेजारी स्टुलावर बसल्या. "आजी, भाजलं-बिजलं सोडा. मला फक्त सांगा, कातडी कुठून सुटायला लागली? बोटाच्या मधून की टोकाला?"

"टोकाला. नखाच्या कडेनं."

"फोड आला होता? पाणी?"

"नाय. फोड नाय, पानी नाय. भाताचं तूस कसं सुटतं, तशी कोरडी सुटली. आतली कातडी चांगली व्हती, लाल, नवी."

"आणि पायाची?"

आई हळूच म्हणाली, "पायाची बी. आमची सुईन बोलली व्हती मला. मी तिचं ऐकलं नाय."

डॉक्टरबाईंनी शिकाऊ डॉक्टरांकडे वळून त्यांना काही सांगितलं, त्या पोरांनी भराभर लिहून घेतलं. मग त्यांनी आईचा हात हातात घेतला. "आजी, शेकाने भाजलं असतं तर फोड आला असता. ही कातडी तापाने सुटली. तुमच्या हाताने काहीही झालेलं नाही. उलट तुम्ही इतकं बारकाईने पाहिलंत म्हणून मला रोग कळतोय. आता नळी घालायची गरज नाही. पुन्हा एकदा यंत्रावर बघते, आणि गोळी सुरू करू."

आई रडायला लागली. इतकी रडली, की आयेने पाणी आणून दिलं. मी तिला धरलं, आणि मग मीही रडले.

सासूबाई इतका वेळ खिडकीशी उभ्या होत्या. आता तोंडसुख घेणार म्हणून मी मान खाली घातली. त्या आईजवळ येऊन बसल्या. "विहीनबाय, मी बी माज्या पोराला असंच शेकवलंय. त्याच्या पाठीवर डाग हाय बघा अजून. मला सांगितलं असतंत तर मी काय बोलले असते?"

यांच्या पाठीवर डाग आहे हे मला ठाऊक होतं. तो कसला, हे विचारायचं मात्र मला कधी सुचलं नव्हतं.

पुन्हा यंत्रावर बघितलं तेव्हा डॉक्टरबाईंना काय शोधायचं ते माहीत होतं. रक्तवाहिन्या जागच्या जागी होत्या, पण दोन ठिकाणी फुगल्या होत्या. एक फुगा लहान, एक मोठा. ते आपोआप आकसू शकतात, आणि नाहीही. तिथे रक्त गोठू नये म्हणून ॲस्पिरिनची गोळी द्यायची. आता म्हणे सुरुवातीलाच शिरेतून एक औषध देतात आणि फुगे होऊच देत नाहीत. आमच्यापर्यंत ते तेव्हा पोचलं नव्हतं. आमच्या वाट्याला गोळी आणि वाट पाहणं आलं.

गोळीचा तुकडा

तीन आठवड्यांनी सूज उतरली, श्वास चाळिशीत आला आणि आम्ही घरी आलो. आईने गावी परतल्यावर पहिलं काम कोणतं केलं असेल, तर ती हौसाबाईच्या झोपडीवर गेली. काय बोलली ते दोघींनी कधीच सांगितलं नाही. हौसाबाई मला नंतर भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, "तुजी आय लय रडकी हाय गं."

घरचे दिवस इस्पितळापेक्षा कठीण होते, हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. इस्पितळात निदान नर्स असते. घरी रोज सकाळी गोळीचा एवढासा तुकडा खलायचा, वाटीत दुधात कालवायचा, आणि तिने थुंकला तर परत द्यायचा की नाही यावर आमचं भांडण. आम्ही दोघं कधी नव्हे एवढे भांडलो त्या काळात. हे वही सोडेनात, मी मुलीला सोडेना. मी शाळेत बिनपगारी रजा टाकली. एकदा रागाच्या भरात हे म्हणाले, "तू तेव्हा नाही म्हणालीस." मी स्वयंपाकघरात जाऊन भाकऱ्या थापत राहिले, गरजेपेक्षा दुप्पट. जेवताना त्यांनी निमूटपणे पाच खाल्ल्या. ती त्यांची माफी होती, आणि ती मला समजली.

डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, पहिले काही आठवडे फार रडू देऊ नका. काही आठवडे. आम्ही त्यांची अडीच वर्षं केली. वंदनाने ओठ काढले की घरभर धावपळ. सासूबाई ताटली वाजवायच्या, हे मांजर व्हायचे, शेजारच्या क्वार्टरमधून कुणीतरी बोटाला धरून कालव्यावर न्यायला यायचं. मागेल ते मिळायचं. साखर मागितली साखर, माझं मंगळसूत्र मागितलं मंगळसूत्र. पोरगी अशी लाडावली, की मी शाळेत असते तर तिच्या आईबापांना बोलावून घेतलं असतं.

दर काही महिन्यांनी मुंबईला जायचं. पहिल्या वेळी लहान फुगा दिसला नाही. दुसऱ्या वेळी मोठा आहे तसाच. तिसऱ्या वेळी थोडा लहान. डॉक्टरबाई पडद्याकडे बघायच्या आणि आम्ही त्यांच्या चेहऱ्याकडे. त्या थोड्या जरी पुढे झुकल्या तरी मी यांची बाही धरायची.

अडीच वर्षांची असताना एका तपासणीत त्या पुढे झुकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या. मग त्यांनी खुर्ची मागे सरकवली.

"मला इथे आता काही सापडत नाही," त्या म्हणाल्या. "रक्तवाहिन्या सरळ आहेत. वर्षातून एकदा दाखवत जा, पण गोळी बंद. आणि एक सांगते, हिला आता इतर पोरांसारखी वाढवा. धावू द्या, पडू द्या, रडू द्या."

आम्ही तिघं बाहेर आलो आणि जिन्यात बसून राहिलो. याच जिन्यात मी डॉक्टरबाईंना गाठलं होतं, हे यांनाही आठवलं असावं, कारण त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. वंदना पायऱ्या मोजत होती, तिला येत होत्या तेवढ्या तीन.

त्याच आठवड्यात कर्जतच्या बाजारात गेलो होतो. एका दुकानासमोर वंदनाला लाल पिपाणी दिसली. घरी तीन पिपाण्या होत्या. मी सांगितलं, मिळणार नाही. तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू ऐकण्यात काही चूक झाली. मग ती भर बाजारात जमिनीवर आडवी झाली आणि तिने भोकाड पसरलं. यांचा हात सवयीने खिशाकडे गेला. मी तो धरला.

"अहो, थांबा," मी म्हणाले. "रडू दे."

आम्ही दुकानाच्या पायरीवर बसलो आणि तिच्याकडे बघत राहिलो. पाय आपटत, मुठी वळून, गळा काढून ती रडत होती. माझी नजर तिच्या ओठांवरून हटत नव्हती. यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता, की बांगडी रुतत होती. माणसं थांबून बघायला लागली. डोक्यावर मिरच्यांची पाटी घेतलेली एक म्हातारी तर चांगलीच तापली.

"आय हाय का कोन गं तू? पोर रडून रडून निली पडली आन् तू खुशाल बसलीस!"

"निळी नाही हो आजी," मी म्हणाले. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. "लाल झालीय. नीट बघा ना. लाल!"